महाप्यात जन्मलं म्हणजे भारतीय झालं का?

ठाणे-बेलापूर रस्ता सोडून डोंगराच्या बाजूला वळलं की महापे लागतं. मूळचं गाव आगरी-कोळ्यांचं. भोवती एमआयडीसीची टीटीसी औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे मिलेनियम बिझनेस पार्कसारखी आयटीची संकुलं आली. त्यामुळे इथे जन्माला येणाऱ्या किंवा इथे वाढणाऱ्या मुलांचे आईबाप फार वेगवेगळ्या ठिकाणचे असतात. कुणाची आजी याच गावची असते. कुणाचे आईबाप सोलापूर किंवा कलबुर्गीकडून दगडखाणीवर आलेले वडार किंवा लमाण असतात. कुणाचा बाप नेपाळहून येऊन कंपनीच्या गेटवर पहारा करतो. कुणाचे आईबाप याच संकुलातल्या कंपनीकडून अमेरिकेला ऑनसाइट गेले, मूल तिकडे झालं आणि तीन-चार वर्षांनी सगळे कोपरखैरण्याला परत आले.

यातलं कुठलं मूल भारताचं नागरिक, आणि ते कशावरून ठरतं? ‘इथे जन्मलं म्हणजे इथलं’ असं बहुतेकांना वाटतं. एके काळी कायदाही तसाच होता. आज नाही. आज भारतात जन्मलेल्या बाळाचं नागरिकत्व ठरवताना कायदा बाळाची जन्मतारीख पाहतो आणि मग आईबापांकडे वळतो. हा बदल दोन टप्प्यांत झाला आणि फारसा गाजावाजा न होता झाला. त्याचे परिणाम मात्र गरिबाच्या दारात आधी पोचतात, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

जन्माची जागा की आईबाप?

जगात जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत मूल ज्या देशाच्या भूमीवर जन्मलं त्या देशाचं होतं. आईबाप कोण, ते तिथे कसे आले, हे विचारलं जात नाही. अमेरिका आणि कॅनडा ही त्याची ठळक उदाहरणं. दुसरीत मूल आईबापांचं नागरिकत्व घेऊन येतं, जन्म कुठेही होवो. दुबईत किंवा दोह्यात जन्मलेलं मराठी जोडप्याचं मूल तिथलं नागरिक होत नाही, ते याच कारणाने. आईबापांनी तिथे तीस वर्षं काढली तरी फरक पडत नाही.

बऱ्याच देशांनी या दोन्हींचं मिश्रण केलं आहे. ब्रिटनने नुसत्या जन्मावर नागरिकत्व देणं १ जानेवारी १९८३ पासून बंद केलं. ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये तेच केलं, आयर्लंडने २००४ मध्ये सार्वमत घेऊन केलं. भारताचा प्रवासही याच दिशेने झाला, फक्त आपली कारणं वेगळी होती.

घटना समितीतला वाद

नागरिकत्वाचं कलम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीपुढे ठेवलं, तेव्हा एखादं कलम सोडलं तर मसुदा समितीला दुसऱ्या कुठल्याही कलमाने इतकं हैराण केलं नसेल, असं त्यांनीच सांगितलं. फाळणी नुकतीच झाली होती. लाखो लोक सीमा ओलांडून आले होते, काही गेले होते, काही जाऊन परत आले होते. म्हणून बाबासाहेबांनी हेही स्पष्ट केलं की या तरतुदी राज्यघटना लागू होण्याच्या वेळी कोण नागरिक आहे एवढ्यापुरत्याच आहेत. कायमचा कायदा संसद करेल. घटनेतली ५ ते ११ ही कलमं त्या धोरणाची आहेत.

या चर्चेत कडक विरोध केला तो एका मराठी सदस्याने. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख, पुढे केंद्रात कृषिमंत्री झालेले. या तरतुदीमुळे भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यांत स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी उदाहरण दिलं ते मुंबईचं: परक्या देशाचं जोडपं विमानाने चाललं आहे, विमान दोन तास मुंबईला थांबलं, तेवढ्यात बाई बाळंत झाली, तर ते मूल भारताचं नागरिक ठरायचं का? त्यांचा पर्याय मात्र धर्माकडे बोट दाखवणारा होता. जगात कुठेही असलेल्या आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व नसलेल्या हिंदू किंवा शीख माणसाला भारताचं नागरिकत्व मिळावं, असं त्यांना वाटत होतं. घटना समितीने तो स्वीकारला नाही. त्याआधी, १९४७ मध्ये मूलभूत हक्कांवर चर्चा झाली तेव्हा, सरदार पटेलांनी जन्मभूमीच्या आधारावरच्या व्यापक नागरिकत्वाची बाजू घेतली होती. घटना समितीचा कल तिकडेच राहिला.

पंजाबरावांचं उदाहरण तेव्हा टोकाचं वाटलं असेल. पण त्यांनी उपस्थित केलेला मुद्दा मेला नाही. अडतीस वर्षांनी कायदा त्यांच्या बाजूला सरकला. आज नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर असं मूल जन्मलं, तर ते भारताचं नागरिक होणार नाही.

तीन तारखा

संसदेने नागरिकत्व कायदा १९५५ मध्ये केला. त्यातलं कलम ३ भारतात जन्मलेल्यांबद्दल आहे. ते आज वाचायचं तर तीन तारखा पाठ हव्यात.

पहिली, २६ जानेवारी १९५०. या दिवसापासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला तो भारताचा नागरिक. आईबाप कुठल्या देशाचे, हा प्रश्नच नाही. अपवाद फक्त दोन. आई किंवा बापाला परदेशी राजदूतासारखं विशेष संरक्षण असेल आणि तो पालक भारतीय नागरिक नसेल, तर ते मूल नागरिक नाही. शत्रूदेशाच्या माणसाचं मूल शत्रूने व्यापलेल्या भागात जन्मलं, तर तेही नाही. हे दोन अपवाद आजही आहेत.

दुसरी, १ जुलै १९८७. १९८६ ची दुरुस्ती या दिवशी लागू झाली. इथून पुढे जन्मलेल्या मुलाची आई किंवा बाप, दोघांपैकी एक जण जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असायला हवा. यामागे बाहेरून आलेल्यांविरुद्धचं आसामचं आंदोलन होतं, १५ ऑगस्ट १९८५ चा आसाम करार होता, आणि श्रीलंकेतून तमिळ निर्वासितांची रीघही लागली होती. प्रश्न ईशान्येचा आणि दक्षिणेचा, पण नियम बदलला तो ठाण्यापासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांसाठी.

तिसरी, ३ डिसेंबर २००४. २००३ ची दुरुस्ती या दिवशी अमलात आली. तेव्हापासून दोन्ही पालक भारतीय असले पाहिजेत. किंवा एक भारतीय आणि दुसरा ‘बेकायदा स्थलांतरित’ नसलेला. बेकायदा स्थलांतरित म्हणजे वैध पासपोर्ट किंवा प्रवासाची कागदपत्रं नसताना भारतात आलेला परदेशी, किंवा वैध कागदांवर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेला.

मागच्या काळाला हे नियम लागू होत नाहीत. ज्याचा जन्म ज्या दिवशी झाला, त्याला त्या दिवशीचा नियम. म्हणून आज कुणी ‘मी भारतीय कसा?’ असं विचारलं, तर पहिला प्रतिप्रश्न त्याच्या जन्मतारखेचाच करावा लागतो.

एकाच घरात दोन न्याय

तारखांवर चालणारा कायदा घरात शिरला की काय होतं, ते पाहा. समजा आई महाराष्ट्रातली, भारतीय नागरिक. बाप कागदपत्रांशिवाय बांगलादेशातून आलेला. थोरला मुलगा २००३ मध्ये झाला. त्या वेळी एक पालक भारतीय असणं पुरेसं होतं. तो जन्माने भारतीय. धाकटी मुलगी २००६ मध्ये झाली. दवाखाना तोच, आईबाप तेच. पण आता बाप बेकायदा स्थलांतरित ठरतो, म्हणून ती जन्माने भारतीय नाही. आई भारतीय असणं तिच्या कामाला येत नाही.

याच आईला हे मूल परदेशात झालं असतं, तर? परदेशात जन्मलेल्यांसाठी कलम ४ आहे, आणि त्यात एक पालक भारतीय असला की पुरतं. दुसऱ्या पालकाच्या बेकायदा स्थलांतराची अट तिथे नाही. वकिलातीत रीतसर नोंद केली की वंशाने नागरिकत्व मिळतं. म्हणजे भारतीय आईचं मूल भारताबाहेर जन्मलं तर वाट मोकळी, आणि भारतात जन्मलं तर बंद. ही विसंगती मला कायद्यातली सगळ्यांत अन्यायकारक जागा वाटते. चूक असली तर बापाची. शिक्षा मिळते मुलीला, आणि आईचा हक्कही त्यात बुडतो.

तिबेटी निर्वासितांच्या मुलांनी हा तारखांचा नियम न्यायालयात वापरून दाखवला. नामग्याल डोलकर या १९८६ मध्ये हिमाचलात जन्मलेल्या. त्यांना पासपोर्ट नाकारला गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये सांगितलं की १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्म झाला, म्हणजे त्या भारतीयच. तिबेटी म्हणून केलेली नोंद त्यांचं नागरिकत्व पुसू शकत नाही.

बाप नेपाळी, आई इथली

महाप्याच्या गेटवरच्या पहारेकऱ्याकडे येऊ. नेपाळी माणसाला भारतात यायला व्हिसा लागत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे इथे राहणं, नोकरी-धंदा करणं त्याला मोकळं आहे. नीट मार्गाने आलेला नेपाळी माणूस बेकायदा स्थलांतरित नाही. म्हणून त्याने इथल्या मुलीशी लग्न केलं आणि मूल झालं, तर ते मूल जन्माने भारतीय. बायकोही नेपाळची असेल, तर मूल नेपाळी. ते घणसोलीत जन्मलं, महापालिकेच्या शाळेत मराठी शिकलं, तरी जन्माच्या आधारावर भारतीय होत नाही. त्याला पुढे नोंदणीची किंवा दीर्घ वास्तव्यानंतरच्या देशीयकरणाची वाट धरावी लागते. देशीयकरणासाठी साधारण बारा वर्षांचं वास्तव्य लागतं: अर्जाच्या आधीचं सलग एक वर्ष, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षं.

टाकून दिलेल्या बाळाचं काय, असा प्रश्न इथे येतोच. कचराकुंडीपाशी किंवा स्टेशनवर सापडलेल्या बाळाचे आईबाप कोण हे कुणालाच ठाऊक नसतं. आपल्या नागरिकत्व कायद्यात अशा बाळासाठी वेगळं कलम नाही. आईबापांवर सगळं टेकवलेल्या कायद्यात ते असायलाच हवं होतं.

कल्याण कॅम्पचा धडा

महाप्याहून शिळफाट्यामार्गे कल्याणकडे गेलं की पुढे उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित इथल्या लष्करी छावणीत उतरले, म्हणून जुनी माणसं अजून ‘कॅम्प’च म्हणतात. त्यांची जन्मभूमी पाकिस्तानात गेली होती. जन्माच्या आधारावर ते भारतीय झालेच नसते. त्यांच्यासाठी घटनेचं कलम ६ होतं. १९ जुलै १९४८ च्या आधी आलेला आणि तेव्हापासून इथेच राहिलेला माणूस आपोआप नागरिक झाला, अट एवढीच की तो किंवा त्याचे आईबाप, आजी-आजोबा यांपैकी कुणी एक अखंड भारतात जन्मलेलं असावं. त्या तारखेला किंवा नंतर आलेल्याला अर्ज करून नोंदणी करावी लागली. एकाच छावणीत, एकाच रांगेतल्या दोन कुटुंबांना काही आठवड्यांच्या फरकाने वेगळे नियम लागले.

गोवा: जमीन आली, माणसं आली

जन्म आणि नागरिकत्व यांचा सर्वांत गुंतागुंतीचा मराठी-कोकणी इतिहास गोव्याचा आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि २० डिसेंबरपासून भारताचा भाग झाला. तिथली माणसं तोवर पोर्तुगालची नागरिक होती. नवा प्रदेश देशात आला की तिथली कोण माणसं नागरिक, हे सरकारने आदेश काढून ठरवायचं, असं नागरिकत्व कायद्याचं कलम ७ सांगतं. त्यानुसार २८ मार्च १९६२ ला गोवा, दमण आणि दीवसाठी आदेश निघाला.

हा आदेश फार उदार होता. २० डिसेंबर १९६१ च्या आधी जो स्वतः त्या प्रदेशात जन्मला, किंवा ज्याची आई, बाप, आजी, आजोबा यांपैकी कुणी एक तिथे जन्मलं, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. अर्ज नाही, शुल्क नाही. ज्याला जुनं नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने एका महिन्यात तसं लेखी कळवायचं, एवढंच. पेडणे, डिचोली, सत्तरी या सीमेवरच्या तालुक्यांतल्या मराठी घरांना हा आदेश एकही कागद न भरता लागू झाला.

काहींनी मात्र तसं लेखी कळवलं. फादर मोंतेरो हे त्यांतले एक. त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलं आणि गोव्यातच राहिले. राहण्याचा परवाना संपला, तो त्यांनी वाढवून घेतला नाही, म्हणून परदेशी नागरिक कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जिनीव्हा कराराने व्यापलेल्या प्रदेशातल्या लोकांना संरक्षण दिलं आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला: गोवा आता व्यापलेला प्रदेश नाही, तो भारताचा भाग झाला आहे. ज्या भूमीत जन्म गेला, त्याच भूमीत ते परदेशी ठरले. आणि ते स्वतःच्या सहीने.

याची दुसरी बाजू आजही चालू आहे. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगाल आपलं नागरिक मानतो. लिस्बनच्या नोंदवहीत जन्माची नोंद केली की पोर्तुगीज ओळखपत्र, मग पासपोर्ट, मग युरोपात नोकरी. हजारो गोवेकरांनी हा मार्ग धरला. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणं किंवा मतदान करणं हा गुन्हा ठरू शकतो. आजीच्या जन्माची नोंद लिस्बनला पाठवण्याआधी घरातल्या प्रत्येकाने हे वाचायला हवं.

ऑनसाइट गेलेल्यांची मुलं

आता महाप्याच्या आयटी संकुलातल्या कुटुंबांकडे. एच-वन-बी किंवा एल-वन व्हिसावर गेलेल्या जोडप्याला न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये मूल झालं, तर आजवरच्या नियमाने ते अमेरिकेचं नागरिक होतं. आईबाप भारतीयच राहतात. मग मूल भारतीय का नाही?

होऊ शकतं, पण आपोआप नाही. ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. अशा मुलाला दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत त्याने ते सोडायचं. नाही सोडलं तर भारताचं जातं. आणखी एक जुनी गोष्ट: १० डिसेंबर १९९२ पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलाला फक्त बापाकडून नागरिकत्व मिळत असे. आई भारतीय असून उपयोग नव्हता. ती विषमता संसदेने १९९२ मध्ये दूर केली.

प्रत्यक्षात बहुतेक कुटुंबं अमेरिकन पासपोर्ट काढतात आणि मुलासाठी ओसीआय कार्ड घेतात. ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या नावात सिटिझन असलं, तरी हे नागरिकत्व नाही. तो आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. सगळ्यांत मोठा धक्का बारावीनंतर बसतो. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय मुलांना नीट, जेईईसारख्या परीक्षांनंतर फक्त अनिवासी भारतीयांच्या जागा मिळू शकतात. दुसरीत असताना परतलेलं, दहा वर्षं वाशीच्या शाळेत शिकलेलं, घरात मराठी बोलणारं मूल वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी परदेशी ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ ला एवढा दिलासा दिला की ज्यांनी ४ मार्च २०२१ च्या आधी ओसीआय कार्ड घेतलं त्यांना जुन्या सवलती मिळतील. नंतरच्यांना नवा नियम.

मूल मोठं झाल्यावर भारतीय व्हायचं म्हणालं, तर वाट आहे. पाच वर्षं ओसीआय असलेल्या आणि अर्जाआधी वर्षभर इथे राहिलेल्या सज्ञान व्यक्तीला कलम ५ खाली नोंदणीचा अर्ज करता येतो. अमेरिकेचं नागरिकत्व मात्र सोडावं लागतं. मुलासाठी कुठल्या देशाचा पासपोर्ट घ्यायचा, हा निर्णय त्याच्या जन्माच्या पहिल्या वर्षात, झोप अपुरी असताना, कुणाच्या तरी सल्ल्यावर होऊन जातो. आईबापांनी तो शांतपणे बसून घ्यावा.

अमेरिकेत बदललं तर

अमेरिकेचा नियम घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतून आला. ती १८६८ ची; गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना कुणी परकं ठरवू नये म्हणून केलेली. १८९८ मध्ये वाँग किम आर्क खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चिनी आईबापांना स्वतः नागरिक होता येत नसलं, तरी अमेरिकेत जन्मलेला त्यांचा मुलगा नागरिकच आहे.

२० जानेवारी २०२५ ला, पदभार घेतला त्याच दिवशी, अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला: आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसेल, तर मुलाला जन्माने नागरिकत्व मानायचं नाही. तात्पुरत्या व्हिसात एच-वन-बी आलं, म्हणजे नवी मुंबईतून गेलेली असंख्य जोडपी आली. खालच्या न्यायालयांनी आदेश रोखला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू होणारे मनाई हुकूम देण्याच्या त्यांच्या अधिकाराला मर्यादा घातली. जुलैमध्ये न्यू हॅम्पशायरच्या न्यायालयाने सगळ्या बाधित बाळांचा एक गट मानून आदेश पुन्हा थांबवला. ५ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मूळ घटनात्मक प्रश्नच सुनावणीला घेतला. जाणाऱ्यांनी जाण्याआधी ताजी स्थिती तपासावी. वकिलातीत एका वर्षात नोंद करण्याचा मार्ग मात्र आपल्या हातात आहे, तो सोडू नये.

जन्मदाखल्यावर काय असतं

नवी मुंबई महापालिकेचा जन्मदाखला एकदा नीट पाहा. बाळाचं नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मठिकाण, आईचं नाव, बापाचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख. राष्ट्रीयत्वाचा रकाना नसतो. म्हणजे दाखला सांगतो की हे मूल इथे, या दिवशी, यांच्या पोटी जन्मलं. ते नागरिक आहे की नाही, हे सांगत नाही. १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेल्याला तेवढा दाखला पुरेसा आहे, कारण त्याच्यासाठी जन्म हाच आधार. त्यानंतरच्यांना आईबापांचं नागरिकत्वही दाखवावं लागतं. आईबापही त्या तारखेनंतर जन्मलेले असतील, तर आजी-आजोबांपर्यंत जावं लागतं. अशी साखळी पिढीगणिक लांबत जाणार.

आणि इथेच कायद्याची खरी अडचण आहे. सामान्य भारतीयाला ‘तू नागरिक आहेस’ असा कागद सरकार देतच नाही. २००३ च्या दुरुस्तीने नागरिकांची सक्तीची नोंदणी आणि ओळखपत्र यांची तरतूद केली, पण देशभर ते झालेलं नाही. आधार म्हणावं, तर आधार कायद्यातच लिहिलंय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही तो मिळू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०२५ ला ठाण्यातल्या एका आरोपीचा जामीन नाकारताना हेच सांगितलं. बांगलादेशातून बेकायदा आल्याचा आरोप असलेल्या माणसाने आधार, पॅन आणि मतदार कार्ड पुढे केलं होतं. न्या. अमित बोरकर यांनी म्हटलं की ही कार्डं ओळख पटवण्यासाठी आणि सेवांसाठी आहेत. नागरिकत्व ठरतं ते १९५५ च्या कायद्याने.

कायद्याच्या चौकटीत हे बरोबर आहे. पण ‘मी परदेशी नाही’ हे सिद्ध करण्याचा भारही आपल्याकडे त्या माणसावरच असतो. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात तो होता, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. ज्याच्या आजोबांचा सातबारा आहे, बापाची शाळा सोडल्याची नोंद आहे, त्याला भीती नाही. खाणीवर, वीटभट्टीवर, बांधकामाच्या जागेवर पिढ्या घालवलेल्या वडार, लमाण, पारधी कुटुंबांकडे यातलं काहीच नसतं. ते या मातीतलेच, तरी कागदावर त्यांचा पत्ता नाही.

एकवीस दिवस

जन्म झाल्यापासून २१ दिवसांत नोंद केली तर ती विनामूल्य होते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झालं तर घरातल्या प्रमुखाची. ३० दिवसांपर्यंत थोडं विलंब शुल्क. त्यापुढे वर्षभरापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. मालेगावसह काही ठिकाणच्या खोट्या दाखल्यांच्या तक्रारींनंतर २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने उशिराचे दाखले देणं थांबवलं, विशेष तपास पथक नेमलं आणि मार्चमध्ये पडताळणीचे नियम कडक केले. खोटे दाखले रोखायलाच हवेत. पण त्या चाळणीत खरा गरीबच अडकतो, कारण त्याच्याकडे दवाखान्याचा कागदही नसतो.

१ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलासाठी तर शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी या सगळ्याला जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आधार झाला आहे. पासपोर्टलाही त्यांच्याबाबतीत दुसरा पुरावा चालत नाही.

म्हणून तुमच्या घरी, तुमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे, धुणीभांडी करणाऱ्या बाईंकडे किंवा शेजारच्या बांधकामावर बाळ झालं असेल, तर नोंद झाली का हे विचारा. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते. नाव नंतर घालता येतं. दाखल्यावर आईबापांची नावं त्यांच्या स्वतःच्या कागदांवर आहेत तशीच, त्याच स्पेलिंगने आली आहेत ना, ते तिथल्या तिथे तपासा. आणि बाळाच्या दाखल्याबरोबर आईचा व बापाचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडून ठेवा. बाळाचं नागरिकत्व आता त्या कागदांवर उभं आहे.